कावड कोणाच्या खांद्यावर?

(वृद्धसेवा आणि कुटुंब या विषयावर अकोला येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आषाढी एकादशीसाठी वऱ्हाडातून ज्या पालख्या पंढरपूरकडे प्रस्थान ठेवतात, त्यांत कौंडण्यपूरच्या रुक्मिणीमातेच्या पालखीचा मान वेगळा आहे. अमरावती जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. ज्या विठ्ठलाच्या भेटीसाठी ही पालखी निघते, तो विटेवर का उभा राहिला हे या सभागृहात कोणाला सांगण्याची आवश्यकता नाही. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत मग्न होता. त्याने देवाला थांबावयास सांगितले आणि देव थांबला. अंध मातापित्यांना कावडीत बसवून तीर्थयात्रेस निघालेल्या श्रावणबाळाची कथा तर आपल्या घराघरांत सांगितली जाते. महाराष्ट्र शासनाने ६५ वर्षे व त्यावरील निराधार वृद्धांना दरमहा निवृत्तिवेतन देणारी योजना आखली, तिलाही श्रावणबाळाचेच नाव दिले.

या दोन्ही कथांतील एक साधी गोष्ट मात्र सहसा आपल्या ध्यानात येत नाही. सेवा करणारा पुंडलिक हा मुलगा आहे. कावड खांद्यावर घेणारा श्रावण हाही मुलगाच आहे. मातृपितृसेवेचा जो आदर्श आपल्या परंपरेने उभा केला, त्यात पाय चेपणारे हात पुरुषाचे आहेत. पुंडलिकाच्या पूर्वायुष्यातील उद्धटपणाचे खापर त्याच्या बायकोवर फोडणारे कथेकरी भेटतात. सेवेचे श्रेय मात्र सर्वजण पुंडलिकालाच देतात. कथेतील आदर्श आपण जपला, परंतु घरातील कावड केव्हा दुसऱ्याच खांद्यावर गेली, हे आपल्याला कळलेही नाही.

आज परतवाडा, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट येथील कोणत्याही आळीत डोकावून पाहावे. थोरला मुलगा पुण्यात, धाकटा बंगळुरूला किंवा परदेशी आणि मधला गावातच शेती, दुकान किंवा शाळा सांभाळून आहे. ज्या घरात मुलगा गावी राहिला, त्या घरात आईवडील राहिले. आणि आईवडील ज्या घरात राहिले, त्या घरातील सुनेच्या दिवसाचे चोवीस तास त्यांच्या श्वासाशी बांधले गेले. अंघोळ, औषधे, पथ्याचे जेवण, डायपर, अंथरूण बदलणे, रात्री दोनदा उठवून कूस पालटणे, ही सर्व कामे तिची. सेवेचा गौरव करताना आपण ‘कुटुंब’ हा शब्द वापरतो. प्रत्यक्षात ते कुटुंब म्हणजे बहुधा एक स्त्री असते.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग सर्वेक्षणाचे आकडे या दृष्टीने बोलके आहेत. १५ ते ५९ या वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांच्या संगोपनात व शुश्रूषेत सहभागी होत्या. पुरुषांचे प्रमाण २१.४ टक्के होते. सहभागी स्त्री या कामासाठी दिवसाला सुमारे १४० मिनिटे देत होती, तर सहभागी पुरुष ७४ मिनिटे. यात मुलांचे संगोपनही आले आणि स्वयंपाक, धुणीभांडी यांचा हिशेब वेगळाच आहे.

कायदा काय म्हणतो?

सेवेचे कर्तव्य नेमके कोणाचे, हा प्रश्न भावनेचा आहे तसाच तो कायद्याचाही आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० अन्वये वृद्ध किंवा दुर्बल आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी अपत्यांवर टाकली गेली, आणि त्यात मुलगा व मुलगी असा भेद केला गेला नाही. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉ. विजया अरबट यांच्या प्रकरणात एक महत्त्वाचा निर्णय दिला. कल्याणला वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या या विवाहित मुलीकडे वडिलांनी निर्वाहखर्च मागितला होता. लग्न झाल्यामुळे मुलगी ही मुलगी राहत नाही असे होत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. मात्र तिचे स्वतःचे, पतीच्या उत्पन्नाहून स्वतंत्र असे पुरेसे साधन असले पाहिजे, अशी अटही घातली. पुढे २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा आला. त्यातील ‘अपत्ये’ या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात आहेत. सून त्यात नाही. सून आणि जावई यांना या व्याख्येत आणणारे विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. ते संमत झाले नाही आणि सतराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले.

म्हणजे कायद्याच्या कागदावर सासूसासऱ्यांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलाची व मुलीची आहे. सुनेचे नाव तेथे नाही. घरात मात्र पहिले नाव तिचेच. तिने ही सेवा करू नये, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. आपल्याकडील लक्षावधी सुना ती मनोभावे करीत आल्या आहेत आणि समाज त्यांच्यामुळेच टिकून आहे. अर्थ इतकाच की, ही सेवा म्हणजे तिने दिलेले दान आहे. दानाला आपण हक्काची वसुली समजू लागलो की घरात अन्यायाचा प्रवेश होतो.

चार धर्मसंकटे

कामाचा भार शरीराला थकवतो. पण त्याहून अधिक थकवते ते धर्मसंकट. दोन्ही बाजूंना कर्तव्य उभे असते आणि एक पाळले तर दुसरे मोडते, अशी ही अवस्था. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीपुढे अशी संकटे रोज उभी राहतात, आणि त्यांची चर्चा कोणत्याही व्यासपीठावर होत नाही.

पहिले संकट दोन घरांचे. समजा, अमरावतीच्या घरात सासरे पक्षाघाताने अंथरुणाला खिळले आहेत आणि अकोल्याला माहेरी एकटी आई गुडघ्यांनी अधू झाली आहे. दोन गावांत अंतर जेमतेम शंभर किलोमीटरचे. पण या सुनेला आईकडे दोन दिवस जायचे तर मामाजींची व्यवस्था लावावी लागते, आणि ती लावण्यासाठी चार जणांची परवानगी घ्यावी लागते. भाऊ असेल तर ‘तो आहे की’ असे म्हटले जाते. भाऊ नसेल तर ‘आता दोन्ही घरे कशी सांभाळणार’ असे विचारले जाते. जिने सासूसासऱ्यांसाठी रात्री जागवल्या, तिला स्वतःच्या आईच्या उशाशी एक रात्र बसता येऊ नये, हा कोणता न्याय? मातृऋण पुरुषालाच असते, असे आपल्या कोणत्या शास्त्राने सांगितले आहे?

दुसरे संकट सत्य आणि सुरक्षितता यांचे. ६० वर्षांवरील भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के व्यक्ती, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीतून निघाला. वऱ्हाडातील घरांतही ही माणसे आहेत. संध्याकाळ झाली की स्वतःच्याच घरात बसलेल्या आत्याबाई सुनेचा पदर ओढून म्हणतात, “मले माह्या घरी जाचं हाये.” हेच तुमचे घर, असे सांगितले की त्या रडतात, चिडतात, दाराकडे धावतात. ‘उद्या सकाळी जाऊ’ असे म्हटले की शांत होतात. पन्नास वर्षे खोटे न बोललेल्या सुनेने रोज संध्याकाळी खोटे बोलावे काय?

रात्री त्या पलंगावरून उतरून पडतात, म्हणून ओढणीने हात बांधावे काय? बांधले तर शेजारीण पाहते आणि गावभर होते. न बांधले आणि खुब्याचे हाड मोडले, तर ‘घरात असून लक्ष नव्हते’ हे ठरलेलेच. मे महिन्यात भर दुपारी बाहेर निघालेल्या वृद्धाला दाराला कडी लावून अडवावे काय? मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आणि प्रशासनाला कलम १४४ खाली आदेश काढावे लागले. अशा उन्हात कडी न लावणे हाही गुन्हाच वाटतो आणि लावणे हाही.

या प्रश्नांना पूर्ण उत्तर नाही. पण जाणकारांचे मार्गदर्शन आहे. हात बांधल्याने रुग्णाची भीती आणि तडफड वाढते. त्यापेक्षा पलंगाऐवजी जमिनीवर गादी घालावी, रात्री मंद दिवा ठेवावा, दाराला घंटा बांधावी. झोपेच्या गोळीने तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, म्हणून ती डॉक्टरांना विचारल्याविना देऊ नये. ‘घरी जायचे’ म्हणणाऱ्याला खोडून काढण्याऐवजी त्या घराविषयी बोलते करावे. अंगणात कोणते झाड होते, विहीर कोठे होती, हे विचारावे. त्या माणसाला पत्ता सांगितलेला नको असतो, ओळखीची ऊब हवी असते. हे ज्ञान शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीपर्यंत कोणी पोहोचवत नाही आणि तिचा अपराधभाव मात्र दिवसेंदिवस वाढत जातो.

तिसरे संकट उपचाराच्या मर्यादेचे. ८५ वर्षांच्या, सर्व अवयव थकलेल्या वृद्धाला न्यूमोनिया होतो. पुण्याहून फोन येतो, “वहिनी, बाबांना नागपूरला हलवा, पैशाची काळजी करू नका.” अतिदक्षता विभाग, कृत्रिम श्वसनयंत्र, नाकातून नळी, असे एकामागून एक सुरू होते. त्या वृद्धाने चार महिन्यांपूर्वी सुनेचा हात धरून सांगितलेले असते की, मला दवाखान्यात नेऊ नको, या घरातच जाऊ दे. हे शब्द फक्त तिने ऐकलेले असतात. ते ती आता सांगू लागली, तर तिच्याविषयी काय बोलले जाईल, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून ती गप्प राहते, आणि वृद्धाची अखेरची इच्छा तिच्या गप्प राहण्यात विरून जाते. अन्नाच्या नळीचेही तसेच आहे. प्रगत अवस्थेतील स्मृतिभ्रंशात नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढते असा पुरावा वैद्यकशास्त्राला सापडलेला नाही. जेवढे घेतील तेवढे हाताने, सावकाश भरवावे, असाच वृद्धवैद्यकाचा सल्ला असतो. पण ‘उपाशी ठेवले’ हा एक शब्द ऐकण्याच्या भीतीने नळी घातली जाते.

चौथे संकट सर्वांत अवघड, कारण ते उघड बोलता येत नाही. ज्या सासूने उमेदीची वर्षे टोचून बोलण्यात घालवली, माहेरच्या माणसांचा पाणउतारा केला, मुलगी झाली म्हणून तोंड फिरवले, तीच आता लहान मुलासारखी असहाय होऊन हात पुढे करते. तिची सेवा करताना सुनेच्या मनात करुणाही दाटते आणि जुनी जखमही ठसठसते. बाहेरचे म्हणतात, किती प्रेमाने करते! तिला मात्र ठाऊक असते की हे प्रेम नाही, कर्तव्य आहे; आणि आपल्या मनात प्रेम नाही याचीच तिला लाज वाटते. तिला सांगायला हवे की, मनात राग असूनही हात कोमल राहिले, तर ती सेवा कमी प्रतीची ठरत नाही. उलट प्रेमाच्या बळावर सेवा करणाऱ्यापेक्षा तिची वाट अधिक चढणीची असते. भावनेवर कोणाचे नियंत्रण नसते. धर्म आचरणात असतो.

भार एकीचा, शब्द दुसऱ्यांचा

या चारही संकटांचे मूळ एकच आहे. सेवेचा भार एकीवर आहे आणि निर्णयाचा अधिकार दुसऱ्यांकडे आहे. रात्री कोण जागले, हे न विचारता सकाळी कोण बोलणार हे ठरते. मुलगा आहे, म्हणून त्याचा शब्द. लेक पाहुणी म्हणून चार दिवस येते, पण रक्ताची आहे, म्हणून तिचा शब्द. डॉक्टरही ‘घरातील जबाबदार माणूस कोण’ असे विचारतात, तेव्हा नजर पुरुषांकडे असते. जिला रुग्णाच्या श्वासातील बदल कळतो, कोणत्या घोटाला ठसका लागतो हे कळतो, तिला कोणी विचारत नाही.

या बाबतीत आपल्याच राज्यातील एका घटनेने देशाला विचार करायला लावले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी पाशवी हल्ला झाला आणि त्या कायमच्या जाणीवशून्य अवस्थेत गेल्या. त्या वृद्ध नव्हत्या आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रक्ताच्या नात्याच्याही नव्हत्या. के. ई. एम.च्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या, सुमारे ४२ वर्षे, आपल्या या सहकारी भगिनीला भरवले, पुसले, कूस पालटून दिली. अरुणाला शांतपणे जाऊ द्यावे, अशी याचिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने ती फेटाळली. त्या निकालातून निष्क्रिय दयामरणाचा विषय देशात चर्चेला आला, हे सर्वांच्या स्मरणात आहे. पण त्याच निकालातील दुसरा मुद्दा आजच्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर न्यायालयाने इतकी वर्षे रात्रंदिवस तिची काळजी घेणाऱ्या के. ई. एम.च्या कर्मचाऱ्यांचा शब्द ग्राह्य धरला. १८ मे २०१५ रोजी अरुणा शानभाग यांचे निधन झाले.

न्यायासनाने जे एका रुग्णालयाच्या परिचारिकांसाठी मान्य केले, ते आपण आपल्या घरातील सुनेसाठी मान्य करतो काय?

या तत्त्वाला दुसरी बाजूही आहे, आणि तिचे उदाहरण आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आहे. १९५९ साली पवनार येथे विनोबाजींनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यानंतर ८७ वर्षांच्या विनोबाजींनी अन्न, पाणी व औषध घेणे थांबवले. देशभरातून चिंता व्यक्त झाली. त्यांची सेवा करणाऱ्या आश्रमातील भगिनींच्या मनात त्या दिवसांत काय चालले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. पण विनोबाजींचा शब्द स्पष्ट होता आणि तो सर्वांसमोर होता. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्या भगिनींवर कोणी बोट ठेवू शकले नाही. विनोबाजींनी घेतला तसा निर्णय प्रत्येकाने घ्यावा, असे येथे सुचवायचे नाही. सुचवायचे ते एवढेच की, वृद्धाने आपली इच्छा शुद्धीत असताना सर्वांसमक्ष सांगून ठेवली, तर शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीच्या माथ्यावरील सर्वांत मोठे ओझे उतरते.

म्हणून शब्दांचा क्रम ठरवावा. पहिला शब्द त्या वृद्धाचा. त्यानंतरचा शब्द, जिच्या हातात शुश्रूषा आहे तिचा. दूर राहणाऱ्या आप्तांचा शब्द त्यानंतर, आणि तोही सेवेतील आपला वाटा उचलून. यावर कोणी शंका घेईल की, सुनेच्याच हाती सर्व दिले आणि ती निष्ठुर निघाली तर? वृद्धांची हेळसांड करणारी घरे आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु हेळसांड बंद दाराआड होते, एकटेपणात होते. ज्या घरात निर्णय चारचौघांत होतात, येणे-जाणे असते, हिशेब उघड असतो, तेथे हेळसांडीला जागा उरत नाही. अधिकार देणे आणि एकटे सोडणे यांत हाच फरक आहे.

काय करता येईल?

उपदेश पुष्कळ झाला. आता आचरणाच्या काही गोष्टी.

पहिली गोष्ट, कुटुंबाची बैठक. दिवाळीला सर्व भावंडे गावी जमतात. त्या चार दिवसांतील एक तास यासाठी द्यावा. आईवडील स्वतः बोलू शकत असतानाच त्यांना विचारावे की, आजार गंभीर झाला तर तुम्हाला काय हवे? सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, त्या विश्वासातील जवळच्या माणसाचे नावही त्यात लिहिता येते. उपचार थांबवण्याचा निर्णय त्यानंतरही दोन वैद्यकीय मंडळांच्या तपासणीतूनच जातो, त्यामुळे गैरवापराची भीती बाळगण्याचे कारण नाही. ज्या वृद्धांना आपली सेवा करणाऱ्या सुनेचे ऋण फेडायचे आहे, त्यांना साडी देण्यापेक्षा हा कागद देणे अधिक थोर ठरेल.

दुसरी गोष्ट, हातांची वाटणी. पैसे पाठवणे हा सेवेचा एक भाग झाला. पण पैशाने रात्र जागता येत नाही. परगावी असलेल्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने वर्षातील ठरावीक दिवस गावी येऊन आईवडिलांची सर्व शुश्रूषा स्वतःच्या हातांनी करावी, आणि त्या काळात सुनेने माहेरी जावे. मुलाने आईचे अंथरूण बदलण्यात कमीपणा कसला? लहानपणी त्याचे कोणी बदलले होते? पुंडलिकाची गोष्ट मुलांना सांगणाऱ्या बापाने ती एकदा कृतीतूनही सांगावी.

तिसरी गोष्ट, मदतीला कलंक समजू नये. वृद्धाश्रमाविषयी आपल्या मनात अढी आहे आणि आईवडिलांना टाकून देण्याच्या वृत्तीविषयी ती असलीच पाहिजे. परंतु शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीची स्वतःची शस्त्रक्रिया आहे, मुलाची बारावीची परीक्षा आहे, म्हणून वृद्धाला महिनाभर चांगल्या देखभालीच्या ठिकाणी ठेवले, तर तो त्याग नव्हे. मदतीला बाई ठेवली, तर तीही कोणाची तरी सून असते आणि तिच्या घरीही कोणी तरी वृद्ध असते, हे ध्यानात ठेवून तिला वेतन, सुट्टी आणि सन्मान द्यावा.

चौथी गोष्ट, समाजाची. ७० वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देणारी आयुष्मान योजना २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय साहाय्यवाहिनी आहे. या दोन्ही गोष्टी वस्तीवस्तीत पोहोचवणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. पण योजना रुग्णालयाच्या दारापर्यंत जाते. घरातील रात्र कोणत्याच योजनेत बसत नाही. तेथे शेजारधर्मच उपयोगी पडतो. प्रत्येक वस्तीत अशी किती घरे आहेत याची नोंद कार्यकर्त्यांनी ठेवावी, आणि आठवड्यातून एक दुपार वृद्धाजवळ बसून त्या घरातील स्त्रीला मोकळे करावे. तिला भाजी आणता येईल, दवाखाना गाठता येईल किंवा केवळ झोपता येईल.

या विषयात वऱ्हाडाला परंपरा नाही असे नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाने मुंबईत दादरला धर्मशाळा उभी आहे. टाटा रुग्णालयात उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांबरोबरच त्यांच्या सोबतच्या माणसांनाही तेथे आश्रय मिळत आला आहे. रुग्णाजवळ बसलेल्या माणसालाही पाठ टेकायला जागा लागते, हे त्या निरक्षर संताला उमगले होते. १९०५ साली बाबांनी गृहत्याग केला, तेव्हा मागे वृद्ध आई सखूबाई, पत्नी कुंताबाई आणि मुले होती. एक पुरुष समाजाचा संसार करावयास निघतो, तेव्हा त्याच्या घरचा संसार कोणी तरी स्त्री वाहत असते. पूर्णवेळ समाजकार्य करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घरच्या कुंताबाईचे स्मरण ठेवले पाहिजे.

कुटुंबवत्सल म्हणून ज्या जपानचे कौतुक होते, त्या देशानेही हा धडा गिरवला आहे. तेथेही सासूसासऱ्यांची सेवा हे सुनेचेच काम मानले जाई. वृद्धांची संख्या वाढली, सुना थकल्या आणि स्त्रियांनीच आवाज उठवला. एप्रिल २००० पासून जपानने चाळिशीपुढील प्रत्येकाकडून हप्ता घेऊन वृद्धांच्या देखभालीचा राष्ट्रीय विमा सुरू केला. घरी येणारे सेवक आणि दिवसभराची देखभाल केंद्रे त्यातून उभी राहिली. १ जुलै २०१९ पासून तर तेथील कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. वारस नसलेल्या, पण मोबदला न घेता सेवा केलेल्या नातलगाला, उदाहरणार्थ सुनेला, वारसांकडून रक्कम मागण्याचा हक्क मिळाला. कुटुंब मोडण्यासाठी हे केले गेले नाही. कुटुंबातील एकच खांदा मोडू नये, म्हणून केले गेले.

आपल्या कुटुंबव्यवस्थेचा अभिमान आपण जगाला सांगतो आणि तो सांगावा असाच आहे. पण कोणत्याही व्यवस्थेची परीक्षा तिच्या सर्वांत थकलेल्या माणसावरून होते. घरातील वृद्ध सुखात आहे की नाही, एवढे पाहून आपण थांबतो. त्याच्या उशाशी बसलेली स्त्री झोपली की नाही, जेवली की नाही, तिच्या मनातील प्रश्न तिने कोणाला विचारले की नाही, हेही पाहिले पाहिजे. आज घरी परतल्यावर उपस्थितांपैकी प्रत्येक पुरुषाने घरातील किंवा नात्यातील अशा स्त्रीला एकच प्रश्न विचारावा, “तुला काय वाटते, पुढे काय करावे?” आणि तिचे उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये.